भाताचा फुटवा उंदराने तोडला की खोडकिड्याने मारला? खाचरात उतरून ओळखायची पद्धत

दरवर्षी ऑगस्ट लागला की फोन सुरू होतात. "अरे, खाचरात मधेच पिवळं पडलंय, उंदीर लागला वाटतं, विषाच्या वड्या आणू काय?" सोबत एक फोटो येतो, तो बांधावरूनच झूम करून काढलेला, त्यात हिरवं आणि पिवळं यापलीकडे काही दिसत नाही. मी विचारतो, फुटवा (रोपाच्या बुडातून फुटलेली काडी) ओढून बघितलास का? उत्तर ठरलेलं, नाही रे, चिखल आहे.

घोळ इथेच होतो. लहान घूस, म्हणजे खाचरातला हा उंदीर, आणि पिवळा खोडकिडा, एक केसाळ दातवाला प्राणी आणि एक बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेला पतंग, यांच्यात काडीचं साम्य नाही, पण बांधावरून बघितलं तर दोघांचं काम सारखंच दिसतं: चुडातले (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यातले) फुटवे मेलेले. मग ज्याच्या शेतात अळी असते तो उंदराचं औषध टाकतो आणि ज्याच्याकडे उंदीर असतो तो दाणेदार कीटकनाशक फेकून मोकळा होतो. दोघांचेही पैसे पाण्यात, खरोखरच्या पाण्यात. मी पण एके वर्षी हे केलंय, दुकानदाराने फोटो बघून सांगितलं ते आणलं, आणि पंधरा दिवसांनी कळलं की फुटव्यांना सरळ दाताच्या खुणा होत्या, अळीचा पत्ताच नव्हता.

म्हणून खालचा क्रम. उड्या मारू नका, ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, कारण पुढच्या पायरीचा अर्थ मागच्या पायरीवरून लागतो.

१. आधी दोघांची ओळख, थोडक्यात

लहान घूस म्हणजे शास्त्रीय भाषेत बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. घरातला उंदीर वेगळा आणि नारळाच्या बुडाशी, गटारात दिसणारी ती मोठी घूस पण वेगळी. ही अंगाने गुबगुबीत, तोंड आखूड, रंग काळपट, शेपूट डोकं-धडाच्या लांबीपेक्षा थोडी आखूड. डिवचली की पाठीवरचे केस उभे करून घुरघुरते. पोहते मस्त, त्यामुळे खाचरात पाणी आहे म्हणजे उंदीर येणार नाही हा गैरसमज काढून टाका. बीळ खोदते आणि धान्य साठवते. मादीला साधारण तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी सहा-आठ, म्हणजे जुलैत एक जोडी होती तर कापणीला किती होतील ते तुम्हीच बघा.

पिवळा खोडकिडा म्हणजे सिर्पोफॅगा इन्सर्टुलास. मादी पतंग पिवळसर, दोन्ही पुढच्या पंखांवर मधोमध एकेक काळा ठिपका, शेपटाकडे केसांचा झुपका. नर लहान आणि मळकट, ठिपका धड दिसत पण नाही. पतंग पीक खात नाही, खाते ती अळी. मादी पानाच्या टोकाकडे पुंजक्यात अंडी घालते आणि वर आपल्याच अंगाचे केस चिकटवते, त्यामुळे अंडी दिसत नाहीत, भुऱ्या लोकरीचा छोटा गोळा चिकटल्यासारखा दिसतो. पाच ते आठ दिवसांत अळ्या निघतात, खोडात शिरतात, महिनाभर आतच खातात आणि आतच कोष करतात. अख्खी पिढी साधारण दीड महिन्यात उरकते.

तुलनेला उपयोगी पडणारा खरा फरक एवढाच आहे: घूस बाहेरून तोडते, अळी आतून पोखरते. पुढची प्रत्येक तपासणी ह्या एका वाक्याची आहे. आणि दुसरी गोष्ट, खोडकिडा जवळजवळ फक्त भातावर जगतो, घूस काहीही खाते. त्यामुळे भात संपलं की किडा धसकटात झोपतो आणि घूस बांध सोडून पेंढ्याच्या उडवीत नाहीतर घरामागे येते. उपायाच्या वेळी हे परत लागेल.

२. सामान जमवा, मगच निघा

- गमबूट आणि रबरी हातमोजे. हे शोभेला नाहीत, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि कोकणात पावसाळ्यात तो होतोच.
- धारदार ब्लेड किंवा छोटा चाकू, खोड उभं चिरायला.
- वही, पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर चालत नाही. मोबाईल फोटोला ठेवा, नोंदीला नको, ओल्या हाताने टाईप होत नाही आणि मग माणूस अंदाजे आकडा लक्षात ठेवतो.
- बांबूच्या चार कामट्या बांधून केलेली एक मीटर बाय एक मीटरची चौकट.
- घमेलंभर चाळलेली राख.
- पाचपंचवीस बारीक काठ्या, टोकाला रंगीत चिंधी बांधलेल्या, बिळांच्या खुणेला.

वेळ: फुटवे बघायला सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. बिळांचं काम संध्याकाळी सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपतं, म्हणजे एकूण दोन फेऱ्या. एका फेरीत उरकणार असाल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

> सावध: पायाला भेग, जखम असेल तर गमबुटाशिवाय खाचरात उतरू नका. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरला आपणहून सांगा की मी भाताच्या पाण्यात काम करत होतो. ते विचारतीलच असं नाही.

३. बांधावरून नकाशा काढा, निदान नाही

बांधावर उभं राहून फक्त एक गोष्ट करायची, वहीत खाचराचा चौकोन काढायचा आणि नुकसान कुठे आहे ते आत रेघोट्यांनी दाखवायचं. निदान करायचं नाही, कितीही खात्री वाटली तरी.

घुशीचं नुकसान बहुतेक वेळा खाचराच्या मधे असतं. बांधाला लागून दोन-तीन ओळी शाबूत आणि आत टक्कल पडल्यासारखा गोल. रात्री कुत्रं-माणूस-घुबड यांच्यापासून लपून आत बसून खाते, कडेला कशाला खाईल. म्हणून बांधावरून चालत गेलेल्या माणसाला ते दिसतच नाही आणि पीक गुडघ्याच्या वर गेलं की तर अजिबात नाही. खोडकिड्याचं तसं नसतं, तो विखुरलेला असतो, या चुडात एक, त्या चुडात दोन, मधेच चार चूड साफ चांगले. जिथे युरिया जास्त पडलाय, पीक गर्द हिरवं माजलंय, तिथे जास्त.

पण हे फक्त इशारे. मधे टक्कल दिसलं म्हणजे घूस असं लिहून मोकळं होऊ नका, मधे पाणी तुंबून कूज आली तरी टक्कल पडतं.

४. चूड निवडा, आवडीचे नाही

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. खाचरात उतरतात आणि जो चूड सगळ्यात वाईट दिसतो तोच उपटतात. मग टक्केवारी साठ येते आणि घाबरून औषध आणतात.

तसं न करता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चाला, ठराविक पावलांवर थांबा, म्हणजे दर दहा पावलांनी, आणि उजव्या पायाजवळचा चूड घ्या, चांगला असो की वाईट. असे वीस चूड. मग दुसऱ्या तिरक्या रेषेने परत या आणि आणखी वीस. तिरकं अशासाठी की कडेकडेने गेलात तर घुशीचा मधला गोल चुकतो आणि सरळ मधून गेलात तर तोच तेवढा दिसतो.

> चेक: वहीत प्रत्येक चुडासमोर तीन रकाने हवेत: एकूण फुटवे, तुटलेले, सुकलेले. तुटलेले आणि सुकलेले एकाच रकान्यात लिहिले असतील तर इथूनच परत सुरू करा. दोन वेगळे चोर आहेत, हिशेब वेगळाच ठेवायचा.

५. ओढा, बघा, चिरा

हीच मुख्य पायरी, इथे घाई नको. तीन कृती, ह्याच क्रमाने, आधी चिरलंत तर ओढायची टेस्ट वाया गेली.

*पहिलं: ओढा.* मेलेल्या फुटव्याचा मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) दोन बोटांत धरून हळू वर ओढा. खोडकिडा असेल तर तो अलगद निघून येतो, लोण्यातून केस काढावा तसा, कारण आतून तळाशी अळीने तो कापलेला असतो आणि बाहेरची पानं मात्र अजून हिरवी असतात. टोक बघा, कुजकट तपकिरी असेल, वास पण येतो. यालाच आपण गाभेमर म्हणतो. घुशीच्या फुटव्यात ओढायला पोंगा उरतच नाही, तो वरूनच तोडलेला असतो, हातात येतं ते खुंट.

*दुसरं: बघा.* खुंटाचं तोंड डोळ्यासमोर धरा. घुशीचा काप तिरका असतो, साधारण ४५ अंशात, आणि स्वच्छ, कडेला दाताच्या बारीक चिरा दिसतात. पाणी असेल तर काप पाण्याच्या पातळीच्या थोडा वर, कारण ती पोहत येते किंवा चुडावर बसते. आजूबाजूला तोडलेले तुकडे पडलेले, तरंगत असलेले दिसतील, ती खाते त्यापेक्षा जास्त तोडते. घुशीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून ती कुरतडतच असते. पोटरीच्या वेळी, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या आत असते तेव्हा, तर खोडातली कोवळी गोड लोंबी खायला फुटवा वाकवते आणि सोलून टाकते.

खोडकिड्याच्या फुटव्याला बाहेरून तोडल्याची खूण नसते. फार तर खोडाच्या खालच्या भागात टाचणीच्या डोक्याएवढं भोक. ते भोक आत जायचं नाही, बाहेर पडायचं असतं, अळी कोषात जायच्या आधी ते करून ठेवते, पतंगाला निघायला, आणि त्यावर बारीक जाळी असते. म्हणजे भोक दिसायची वाट बघत बसलात तर अळीचं जेवण झालेलं आहे.

*तिसरं: चिरा.* ब्लेडने खोड बुडापासून वरपर्यंत उभं चिरा. आत भुशासारखी विष्ठा, कुरतडलेला भाग आणि नशीब असेल तर अळी, मळकट पिवळसर पांढरी, डोकं तपकिरी, मोठी झाली की साधारण दोन सेंटीमीटर. एका फुटव्यात सहसा एकच. अळी सापडली नाही म्हणून खोडकिडा नाही असं नसतं, ती एक फुटवा संपवून दुसऱ्यात गेलेली असू शकते, पण विष्ठा राहतेच. विष्ठा पण नाही, भोक पण नाही, फुटवा अख्खा पण सुकलेला, तर दोघंही निर्दोष, पाणी-खत-मुळं बघा.

आता पीक निसवलं (लोंब्या बाहेर आल्या) की मामला अवघड होतो. पांढरी, उभी, पोकळ लोंबी दिसते, आपण तिला पळींज म्हणतो, आणि ती दिसली की सगळे खोडकिडा म्हणून मोकळे होतात. पण घुशीने खोड अर्धवट कुरतडून सोडलं तरी वरची लोंबी पांढरीच पडते. आणि मानमोडी करप्यात (हा बुरशीचा रोग) पण पांढरी पडते. तिघांची पांढरी लोंबी लांबून एकच. फरक असा:

पळींज ओढली की खोडकिड्याची सहज निघते, खाली कुरतडलेलं टोक. घुशीची पण कधीकधी सहज निघते, पण खाली बघा, खोडाला *बाहेरून* चावल्याची जखम. करप्याची निघत नाही, आणि लोंबीच्या मानेशी काळपट तपकिरी पट्टा असतो, तिथेच ती मोडते. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यासाठी लोक अडीच हजाराचं औषध आणतात.

> सावध: पळींज दिसल्यावर खोडकिड्याला फवारू नका. ती लोंबी मेलेली आहे, परत भरणार नाही आणि अळी खोडात आहे, फवारा तिथे पोचत नाही. फुटव्याच्या वयात गाभेमर झाला तर चूड नवे फुटवे काढून थोडं भरून काढतो, निसवल्यावर भरून काढायला वेळच उरत नाही. पळींज हा पुढच्या वर्षीचा धडा असतो, ह्या वर्षीचं काम नाही.

६. आकडा काढा

समजा चाळीस चुडात मिळून ४८० फुटवे मोजले. त्यात सुकलेले, ओढून-चिरून खात्री केलेले २४. म्हणजे ५ टक्के गाभेमर. खोडकिड्यासाठी आपल्याकडे हीच पातळी धरतात, पाच टक्क्यांच्या आसपास गेलं की उपाय, त्याच्या खाली नजर. दुसरी खूण अंड्यांची, कामट्यांची चौकट पाच-सहा ठिकाणी टाका आणि आतल्या पानांची टोकं बघा, चौरस मीटरला एक पुंजका सापडत असेल तर गाभेमर अजून दिसत नसला तरी हालचाल करा.

तुटलेल्यांचा आकडा वेगळा लिहा, त्याला टक्क्याची वाट बघायची नाही. घूस एका रात्रीत टक्का बदलते. तिच्यासाठी आकडा बिळांचा, तो पुढे.

७. बिळं: उघडी मोजू नका

बांधावर फिरून "अकरा बिळं आहेत" असं सांगणारे बरेच. त्यातली पाच जुनी, तीन खेकड्याची, आणि खरी जी तीन आहेत ती मोजलेलीच नसतात, कारण लहान घूस आत गेली की तोंड मातीने बुजवते. वरून दिसतो तो भुसभुशीत ताज्या मातीचा छोटा ढीग. म्हणजे उघडं भोक बऱ्याचदा रिकामं आणि बंद ढिगारा जिवंत, आपण नेमकं उलट मोजतो.

म्हणून:

१. संध्याकाळी सगळी भोकं आणि सगळे ढिगारे पायाने दाबून सपाट बंद करा. प्रत्येकाजवळ चिंधीवाली काठी.
२. आजूबाजूला राख पातळ पसरा. पावसाची झड असेल तर राख वाया जाईल, ओला चिखल हाताने गुळगुळीत केला तरी चालतो.
३. सकाळी उजाडताच जा. जिथे माती परत वर आली किंवा भोक उघडलं ते जिवंत. बाकीच्या काठ्या उपटा.
४. राखेत पावलं बघा. उंदराच्या पुढच्या पंजाची चार बोटं उमटतात, मागच्याची पाच. खेकड्याचे नुसते टोचे असतात, तिरके गेलेले.

खेकड्याबद्दल इथेच सांगतो, कारण कोकणात तो तिसरा चोर आहे आणि दोघांच्या नावावर त्याचं खपतं. लावणीनंतर पहिल्या पंधरा-वीस दिवसांत कोवळी रोपं बुडातून, पाण्याच्या आत कापलेली दिसली तर आधी खेकडा. घुशीचा काप पाण्याच्या वर, खेकड्याचा खाली, एवढं लक्षात ठेवा. त्याचं बीळ ओलं, तोंडाशी चिखलाचे गोळे. भंडारा-गोंदियाकडे खेकड्यापेक्षा गादमाशीचा (ही पण भाताची एक कीड) घोळ जास्त होतो, पोंगा कांद्याच्या पातीसारखा नळीदार चंदेरी होतो, तो ओढून-चिरून लगेच कळतो.

आणि कापणीच्या तोंडावर लोंब्या तुटून खाली पडलेल्या दिसल्या तर घूस म्हणायच्या आधी चुडाच्या बुडाशी, मातीच्या भेगेत दिवसा लपलेली लष्करी अळी शोधा. ती पण पतंगाचीच अळी, पण वेगळ्या पतंगाची. तिने तोडलेल्या लोंब्या जागेवर पडून राहतात, घूस लोंब्या बिळात ओढून नेते. खाली खच पडलाय की नुसती खुंटं आहेत, ते बघा.

८. पतंग आहेत का ते बघा

कामगंध सापळे, म्हणजे वासाने पतंग ओढून पकडणारे, टेहळणीला एकरी दोन पुरे. पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर, पीक वाढलं की सापळा पण वर सरकवा, हे कुणी करत नाही आणि सप्टेंबरमध्ये सापळा पानात बुडालेला असतो.

दोन चुका हमखास. एक, ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, दुसऱ्याच किडीची. दुकानात बोंडअळीची, लष्करी अळीची, सगळ्याच पडलेल्या असतात, पाकिटावर भाताचा पिवळा खोडकिडा लिहिलेलं वाचून घ्या. दोन, सापळ्यात ठिपकेवाला पिवळा पतंग शोधत बसणं. ल्यूरचा वास मादीचा असतो, येतात ते नर, मळकट आणि लहान. "एकही पिवळा नाही, किडा नाहीये" म्हणून निवांत बसलेले लोक मी बघितलेत, सापळ्यात वीस नर पडलेले होते. मादी बघायची तर सकाळी लवकर काठीने पीक हलकं हलवत चाला, उडून परत पानावर बसते.

९. आता उपाय, आणि कुणाचा आधी

दोन्ही एकत्र निघाले तर आधी बिळं, मग दाणेदार. कारण सांगतो. खोडकिड्याचं दाणेदार औषध, कारटॅप असो की क्लोरअँट्रानिलिप्रोल, ते खाचरात उथळ पाणी ठेवून टाकायचं असतं आणि पाणी तीन-चार दिवस अडवायचं असतं. बांधाला घुशीची बिळं असतील तर पाणी रात्रीत खालच्या खाचरात, औषधासकट. शेजाऱ्याचं भात वाचेल, तुमचं नाही. त्यामुळे बिळं शोधा, औषध ठेवा, बांध चोपून बंद करा, पाणी टिकतंय का एक रात्र बघा, मग दाणे. मात्रा पाकिटावरची, दुकानदाराच्या तोंडची नाही.

*घुशीसाठी:* ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या, फक्त जिवंत बिळात, कागदात गुंडाळून काठीने आत ढकलायच्या आणि तोंड बंद. बाहेर, बांधावर, पानावर ठेवायच्या नाहीत, कुत्री-कोंबड्या मरतात. ह्याने रक्त गोठत नाही आणि मरायला काही दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी मेलेला उंदीर दिसला नाही म्हणून डबल टाकू नका. झिंक फॉस्फाईड जालीम, आधी दोन-तीन दिवस साधं खाणं ठेवून सवय लावावी लागते, नाहीतर थोडं चाटून आजारी पडलेली घूस परत त्याला तोंड लावत नाही, आणि ओलाव्यात त्यातून विषारी वायू सुटतो. घरी कालवाकालव करण्यापेक्षा कृषी खात्याच्या माणसाला विचारून करा. मेलेले उंदीर मोज्यांनी उचलून खोल पुरा.

> सावध: विष पोटात गेल्याचा संशय आला तर पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखान्यात. ब्रोमॅडिओलोनवर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. पाकीट फेकून दिलं असेल तर डॉक्टरला काय कळणार कुठलं होतं.

वेळ महत्त्वाची. लावणीच्या आधी आणि फुटव्याच्या सुरुवातीला वडी चालते, कारण घुशीला शेतात खायला कमी असतं. पोटरी आली की तिच्यापुढे ताट वाढलेलं, वडी कोण खातंय. आणि एकट्याने करून उपयोग नाही, तुमच्या रिकाम्या बिळात आठवड्यात शेजारची येते. वाडीतल्या सगळ्या खाचरांनी त्याच दोन-चार दिवसांत करायचं. मला माहितीये हे सांगणं सोपं आणि करणं म्हणजे बांधाच्या भांडणाची आठवण काढत दारोदार फिरणं, पण निदान पाण्याची वाट एक असलेली खाचरं तरी एकत्र करा. बांध फार रुंद ठेवू नका, फूटभर पुरे, जाड गवताळ बांध म्हणजे घुशीची चाळ. घुबडाला बसायला इंग्रजी टी आकाराची काठी रोवा आणि धामण दिसली तर मारू नका.

*खोडकिड्यासाठी:* सगळ्यात स्वस्त उपाय लावणीच्या दिवशीच आहे. तरव्याच्या (लावणीच्या रोपांच्या) जुड्या बांधल्यावर पानांची टोकं कापून टाका, अंड्यांचे पुंजके तिथेच असतात. कापलेली टोकं बांधावर टाकू नका, जाळा नाहीतर पुरा. नंतर पतंग दिसायला लागले की ट्रायकोग्रामा जॅपोनिकमची (खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती मारणारी बारीक मित्रमाशी) कार्डं, हेक्टरी ५० हजार अंडी, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा, पावसात भिजायला नको. आणि कार्ड लावल्यावर कीटकनाशक फवारू नका, दोन्ही करणारे भेटतात. विकत आणलेली माशी आपणच मारायची. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या.

१०. आठवड्याने परत तीच रेघ

उपाय केल्यापासून सात-आठ दिवसांनी परत त्याच दोन तिरक्या रेषा, परत चाळीस चूड, परत तीन रकाने. जुने सुकलेले फुटवे परत मोजले जातात, म्हणून पहिल्या फेरीत मोजलेले मेलेले फुटवे उपटून टाकलेले बरे, उपटले नसतील तर ताजा कोणता ते रंगावरून ठरवा: नव्या गाभेमरात पोंगा पिवळा असतो, जुन्यात तपकिरी. घुशीच्या ताज्या कापाचं तोंड हिरवं ओलं, जुन्याचं वाळून फाटलेलं.

बिळांची टेस्ट पण परत, संध्याकाळी बंद, सकाळी मोजणी. पहिल्या वेळी नऊ जिवंत होती आणि आता दोन असतील तर त्या दोनातच वडी, बाकीच्यांत परत नको.

कापणी जमिनीलगत करा, धसकटं उंच ठेवलीत तर खोडकिड्याची अळी त्यातच पुढच्या पावसापर्यंत झोपते, शक्य असेल तिथे लगेच नांगरट. आणि पेंढ्याची उडवी खाचराच्या बांधाला लागून रचू नका, जमिनीपासून उचलून, थोडी लांब. वही मात्र जपून ठेवा, घुशीचा गोल कुठल्या खाचरात कुठल्या बाजूला होता ते पुढच्या जूनमध्ये लागतं, पहिली वडी तिथल्याच बांधावर जाते.